लाकडाच्या रेशमाची दोरी

आमच्या म्हशीला रेशमाचं दावं आहे, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी मला खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. मांजर्लीतल्या आमच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी रेशमाची होती, पाळण्याच्या दोऱ्या रेशमाच्या, परकराच्या नाड्या रेशमाच्या, आणि गणपतीच्या मखराला लावलेले गोंडेसुद्धा त्याच रेशमाचे. माझे बाबा उल्हासनगरच्या पलीकडे रेयॉनच्या कंपनीत धागा काढायच्या खात्यात होते. तिथं यंत्रावर तुटलेला, गुंता झालेला जो धागा निघे त्याला ते ‘वेस्ट’ म्हणत. कामगारांना तो घरी न्यायची मुभा होती. दर थोड्या दिवसांनी बाबा पिशवीतून त्याची पांढरीशुभ्र, चमकणारी लडी आणत आणि आई ती खुंटीला अडकवून ठेवी. शेणानं सारवलेल्या भिंतीवर ती लडी इतकी झळकायची, की आल्यागेल्याचं पहिलं लक्ष तिच्याकडेच जाई.

हे रेशीम किड्याचं नसून लाकडाचं आहे, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुण्यानं आधी ऐकलेलं असलं तरी सांगत. परदेशातून लाकडाच्या लगद्याचे टीपकागदासारखे जाड तक्ते येतात, ते कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कुसकरतात, मुरवतात, मग त्यात एक घाण वासाचं औषध घालतात की त्याचा मधासारखा दाट, नारिंगी रस होतो. तो रस केसाएवढ्या भोकांतून आम्लाच्या टाकीत सोडला की टाकीतून धागा बाहेर येतो. ‘लाकूड पितात आनि रेशीम वकतात आमची यंत्रां,’ असं म्हणून ते स्वतःच हसत. त्या औषधाचा सडक्या मुळ्यासारखा वास बाबांच्या कपड्यांना, केसांना, अगदी जेवणाच्या डब्यालाही येई. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची आणि नाकाला पदर लावून म्हणायची, ‘म्हैस बरी यांच्यापरीस.’ पुढं मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्याच औषधाची, कार्बन डायसल्फाइडची, बाटली उघडली की माझ्या वर्गातली मुलं तोंड वाकडं करत, आणि मला मात्र तांदळाची भाकरी आठवे, कारण बाबा पहिल्या पाळीवरून येत तेव्हा आई भाकऱ्या थापत असायची आणि ते दोन वास आमच्या ओटीवर एकत्र येत.

घर तेव्हा एकच होतं. बाबा, आई, माझा मोठा भाऊ हरेश, मी, आणि बाबांचा धाकटा भाऊ पांडूकाका. काकाचं लग्न व्हायचं होतं, त्याला आम्ही अरेतुरे करायचो. तो शेती बघायचा, मासे धरायचा, आणि त्याला कशाचाही धीर नव्हता. गळाला मासा लागायच्या आत तो गळ ओढायचा. म्हशीच्या दाव्याला असा हिसका द्यायचा की ती वळून त्याच्याकडे बघायची. घरात त्याचं नावच झटक्या पडलं होतं. ‘झटक्याला चहा दे,’ ‘झटक्या कुठं गेला?’ असं सगळे म्हणत, आणि तो हाकेला ओ देई. हरेश त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच लहान असेल. दोघं काका-पुतणे कमी आणि मित्र जास्त. वालाचं बिरडं केलं की दोघं एका ताटात जेवायचे आणि शेवटच्या घासावरून भांडायचे. आई दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून तो घास मला द्यायची.

संध्याकाळी ओटीवर बाबांचा ढेरा फिरे. दोन आडव्या काठ्या आणि मधे एक दांडी, इतकंच ते साधन. आमच्या आजोबांनी त्यावर अंबाडीचा वाख पिळून दोऱ्या केल्या होत्या. बाबांनी त्याच ढेऱ्यावर कंपनीचं सूत चढवलं. ढेरा गरगरताना एक बारीक गुणगुण होई, आणि बाबांच्या मांडीवरून ते पांढरं सूत सळसळत खाली उतरे. अंबाडीची दोरी हाताला टोचते, तिचे तंतू बोटात शिरतात. ही दोरी गालाला लावावी अशी मऊ होती. मी खरंच लावायचे. बाबांना तिचा फार अभिमान होता. शिकलेला माणूस नव्हता तो, पण लाकडापासून रेशीम करणाऱ्या जागेवर आपण उभे आहोत आणि त्या रेशमाची दोरी आपण स्वतःच्या हातानं वळतो, याचं त्यांना रोज नव्यानं कौतुक वाटायचं.

आता नदीचं सांगायला हवं. उल्हास नदीला पूर आला की डोंगरातून झाडं वाहून येत. मुळासकट उपटलेली, कधी कुणाच्या पडक्या गोठ्याची तुळई, कधी सागाचा सरळसोट ओंडका. आमच्याकडे पुरुष ती धरायला उतरत. त्याला ‘लाकडं धरणं’ म्हणत आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नसे. आमच्या घराचं आढं असंच पुरातून आलेलं होतं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी, दोरीचा एक वेढा काठावरच्या करंजाला, आणि दुसरं टोक धरणाऱ्याच्या हातात. धरणारा घरातलाच असायचा. आजोबांचा दंडक होता की दोरी हळूहळू सोडायची, हळूहळू ओढायची, माणूस पाण्यात असताना हिसका कधी द्यायचा नाही. आजोबा गेल्यावर धरायचं काम काकाकडे आलं होतं. झटक्याच्या हातात दोरी कशी द्यायची म्हणून बाबा आधी कुरकुरले होते. पण नदीकाठी तो वेगळाच माणूस व्हायचा. तिथं मी त्याला घाई करताना कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी आजोबांची अंबाडीची दोरी उंदरांनी कुरतडली, म्हणून बाबांनी वेस्टच्या सुताची नवी दोरी वळली. मनगटाएवढी नाही, पण चांगली जाड, तीन पदरी. तिची परीक्षाही झाली. अंगणात एक टोक आंब्याला बांधून दुसऱ्या टोकाला आळीतली पोरं लोंबकळली. मग म्हशीला बांधून तिला हाकललं. दोरी हूं की चूं करेना. ‘हत्ती बांधा,’ बाबा म्हणाले. ‘आनि बघा, कमरेला काचनार पन नाय.’ हरेशनं ती लगेच कमरेला बांधून बघितली आणि आरशासमोर उभा राहून आला. त्याचं अंबरनाथच्या आयटीआयमध्ये फिटरचं शेवटचं वर्ष चालू होतं. आरशासमोर उभं राहायला त्याला कुठलंही कारण पुरत असे.

परीक्षा झाली ती उन्हाळ्यात, कोरड्या अंगणात. आज लिहिताना हे एक वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले.

कारण खुणा सगळ्या समोर होत्या. आमची वाळवणीची दोरी उन्हाळाभर टिकायची आणि पावसाळ्यात तुटायची. ओल्या गोधड्यांचं वजन झालं, असं म्हणून आई तिला गाठ मारायची. आईकडे रेयॉनची एक गुलाबी साडी होती. ती धुवायला मला द्यायची वेळ आली की आई नदीपर्यंत बजावत यायची, ‘आपटू नको हां. ओली हाय तवर आपटली की फाटते ती.’ बाबांच्या खात्यात तर ओला धागा कुणी जोरानं हाताळला तर मुकादम अंगावर यायचा. म्हणजे धुण्याच्या दगडावर बायकांना ते माहीत होतं, यंत्रावर पुरुषांना माहीत होतं. साडीचं ज्ञान साडीपाशी राहिलं आणि यंत्राचं यंत्रापाशी. दोरी पण तीच वस्तू आहे हे कुणाच्या मनात आलं नाही. मनगटाजवळ जाणारी जाडी बघितली की धागा आठवत नाही माणसाला.

त्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला गेलेले होते. पाऊस थोडा उघडला होता आणि नदी गढूळ, फुगलेली, काठाच्या बांबूंना घासत चालली होती. सकाळची वेळ. मी काठावर होते, आईसाठी काटक्या गोळा करायच्या निमित्तानं. आळीतले चारपाच जण होते. हरेश उतरला आणि त्यानं एक बारीकसं खोड धरून आणलं. काका त्याला म्हणाला, ‘बास जाला. पानी वाढतंय.’ तेवढ्यात वरच्या वळणावरून सागाचा एक मोठा सोट येताना दिसला. लांब, सरळ, साल निघालेला. हरेशच्या डोळ्यांत काय आलं ते मला काठावरून दिसलं. ‘काका, ह्यो एकच,’ असं म्हणून तो परत पाण्यात शिरलाही.

मी काकाकडे बघत होते, म्हणून मला नक्की माहीत आहे. करंजाला वेढा होता. काका पाय रोवून, मागे रेलून, तळहातांतून दोरी थोडी थोडी सोडत होता. हरेशनं सोटाला मिठी मारली. सोट आडवा झाला आणि प्रवाहानं दोघांना ओढलं. दोरी ताठ झाली. काकानं हिसका दिला नाही. तो ओढतही नव्हता, नुसता धरून होता, आणि तोंडानं ‘सोड त्याला, हरेश, सोड त्याला’ म्हणत होता. मग तो एकदम मागे चिखलात बसला. मला वाटलं पाय घसरला. आवाज काहीच झाला नाही. मोठी दोरी तुटताना आवाज होतो असं मला वाटायचं. काकाच्या हातात दोरी होती आणि ती पाण्यावर सैल, वळवळत, नुसतीच आली.

हरेश पोहणारा होता. तो एकदा वर आला, त्यानं आमच्याकडे हात केला. सोट फिरला आणि त्याच्या डोक्याशी आला. काकानं पाण्यात उडी मारली, त्याला आळीतल्या दोघांनी खाली बांबूंपाशी कसाबसा ओढून काढला. हरेश दुसऱ्या दिवशी पुलाच्या खालच्या अंगाला सापडला. त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

बाबा दुपारी आले. गाडीतच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते घरात आले नाहीत, सरळ काठावर गेले. काका करंजाखाली बसलेला होता, अंगावर चिखल वाळलेला. बाबांनी दोरीचं तुटकं टोक हातात घेऊन बघितलं, ते खाली टाकलं, आणि म्हणाले, ‘तू झटका दिलास.’

काका तळहातांवरचा वाळलेला चिखल खरवडत राहिला.

‘म्हैस बांधली या दोरीला. आलीतली सगली पोरां लोंबली. ती उगीच नाय तुटत. झटका दिलास तू, पांडू. जनमभर झटकेच दिलेस.’

‘बाबा, नाही दिला,’ मी म्हणाले. ‘मी बघत होते. काकानं झटका नाही दिला.’ बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या मावसबहिणीनं माझ्या दंडाला धरून मला घरात नेलं. बारा-तेरा वर्षांची मुलगी, तिच्या सांगण्याला कोण विचारतो. आणि खरं सांगायचं तर आळीत सगळ्यांनाच बाबांचं पटलं. काठावर असलेल्यांनाही पटलं. त्यांचे डोळे पाण्यावर होते आणि माणसाचं नावच झटक्या होतं. ज्या नावानं आम्ही इतकी वर्षं हसलो होतो त्याच नावानं त्याला दोषी ठरवलं.

हरेशचं दिवसकार्य झाल्यावर काका घरातून गेला. बारवी धरणाच्या अंगाला आमच्या एका आत्याचं घर होतं, तिथं तो भाताची शेती करू लागला. त्याचं लग्न तिकडेच झालं. बाबा गेले नाहीत, आई आजारी आहे असं सांगून आम्हालाही पाठवलं नाही. तिकडच्या गावातही बातमी त्याच्या आधी पोचली होती. पुतण्याला पाण्यात सोडलेला माणूस म्हणून त्याला कुणी होडीत घेत नसे. आमच्या घरात त्याचं नाव निघेनासं झालं. बाबांनी ढेरा माळ्यावर टाकला. वेस्टची लडी त्यांनी पुन्हा आणली नाही. मात्र त्यांचा राग शाबूत होता. ते त्यावरच उठत, पाळीला जात, जेवत. कुणी पांडू म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर रक्त येई. आई तेवढी दरवर्षी कुणाच्यातरी हाती सुकटीची पुडी बारवीला पाठवायची. बाबांना ते कळलं असणार, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. बाबांना वाटलं मी त्यांच्या कंपनीमुळे घेतलं. असेलही. शेवटच्या वर्षी आम्हाला मोटवानी सर बहुवारिकं, म्हणजे पॉलिमर, शिकवायला होते. पुस्तकात हा शब्द बघून आम्ही हसायचो, सरही हसायचे. त्यांचं मराठी वर्गाच्या दारात सुरू होऊन फळ्यापर्यंत पोचेतो हिंदी झालेलं असे. एके दिवशी ते बाजारातून सुताची दोन रिळं घेऊन आले, एक कापसाचं आणि एक रेयॉनचं, आणि सोबत पत्र्याचे दोन डबे.

‘देखो, हे कॉटन, हे रेयॉन,’ ते म्हणाले. ‘दोन्ही सेल्युलोज. सेम टू सेम. झाडानं बनवलेली लंबी साखळी, ग्लुकोजच्या कड्या जोडून जोडून. कापूस देवानं दिला तसाच आहे. रेयॉन म्हणजे साखळी आपण तोडली, विरघळवली, परत जोडून धागा केला. चमक आली, मऊ झालं. पर एक चीज गेली. काय गेली, बोलो?’

सरांनी दोन्ही सुतांचे दोन-दोन तुकडे कापून टेबलाच्या कडेला बांधले, दोन कोरडे, दोन भिजवलेले, आणि डबे लटकवून त्यांत वाळू टाकायला सुरुवात केली. कोरडं रेयॉन बराच वेळ टिकलं. ओला कापूस कोरड्या कापसापेक्षाही जास्त टिकला, त्याचं आम्हाला नवल वाटलं. मग सरांनी ओल्या रेयॉनला डबा लावला. पोरं वाकून बघत होती. निम्मी वाळूही झाली नसेल, डबा खाली आला. आवाज डब्याचा झाला. धाग्याचा झाला नाही.

‘साखळ्या एकमेकींचा हात धरून उभ्या असतात,’ सर सांगत होते. ‘कापसात त्या लांब आहेत, शिस्तीत आहेत, पाणी सगळीकडे घुसू शकत नाही. रेयॉनमध्ये तोकड्या, अस्ताव्यस्त. पाणी मधे शिरलं की त्या पाण्याचा हात धरतात आणि एकमेकींचा सोडतात. बस. ताकद आधी, अर्धी.’

सरांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी ते उदाहरण दरवर्षी दिलं असेल. मी पुढं तीस वर्षं हाच प्रयोग शिकवला, पण हात सोडण्याचं हे उदाहरण कधी दिलं नाही. त्या दिवशी मी टेबलाला धरून खाली बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, वर्गासमोर. सर घाबरले. ‘अरे बेटा, तबियत ठीक नाही का? खाना खाया था?’ असं विचारत त्यांनी कुणालातरी लिंबूपाणी आणायला पिटाळलं. मी काय सांगणार होते? माझ्या भावाला त्याच्या बापानं वळलेल्या दोरीनं सोडलं, आणि ज्यानं धरून ठेवलं होतं तो गुन्हेगार म्हणून जगतोय, हे लिंबूपाणी पिता पिता सांगता येत नाही.

घरी जाऊन बाबांना सांगायचं मी ठरवलं होतं. त्या वयात सत्य म्हणजे सांगायचीच गोष्ट, असं मला वाटायचं. पण बाबा ओटीवर कांदे निवडत बसलेले दिसले आणि माझी जीभ उचलेना. रविवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून मी निघाले आणि बारवीला काकाकडे गेले. भात कापणीला आलं होतं. काका खळ्याची जमीन चोपत होता. मला बघून त्याच्या हातातलं चोपणं तसंच राहिलं. ‘आली गो बाय,’ तो म्हणाला, आणि काकीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, मग लगेच म्हणाला, ‘चहा नुको, जेवायलाच वाढ. पोरगी घरची हाय.’

जेवण झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. साखळी, पाणी, वाळूचा डबा. एखादी आनंदाची बातमी द्यावी तसं मी ते सांगितलं. मला वाटत होतं, आता हा माणूस सुटेल. काका उपरण्यानं हात पुसत ऐकत राहिला.

‘मना ठावूक हाय,’ तो म्हणाला.

‘काय ठाऊक आहे?’

‘तुजी साखली नाय ठावूक. पन दोरी हातात होती ना माज्या. ती तुटली नाय गो, सुटली. ओल्या शेवईसारी. टोक बघितला तवाच समाजला. कोरडी व्हती तवर दोरी, भिजली आनि नुसता सूत जाला.’

‘मग बोलला का नाहीस? त्याच दिवशी का नाही बोललास?’ मी ओरडलेच त्याच्यावर.

‘कोनाला बोलू? दादाला?’ काकानं माझ्याकडे असं बघितलं की मीच लहान झाले. ‘पोरगा गेला त्याचा. माज्यावर राग हाय म्हनून उभा तरी हाय. त्याला समाजला की आपल्याच दोरीनं... मग त्याला कोन धरील? तू धरशील? तुजी आय धरील?’

‘आणि तुझं काय? लोक तुला काय काय म्हणतात.’

‘माजा नाव झटक्या हायच,’ तो म्हणाला, आणि खरोखर हसला. ‘त्यात काय नवीन? बाय, तुना माजी आन हाय. दादा हाय तवर बोलायचा नाय.’

मी बोलले नाही. शपथेला मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. काकाचं म्हणणं बरोबर होतं की चूक, याचा निकाल मी अजून लावू शकलेले नाही, आणि माझी त्याबद्दल चिडचिड होते. एका माणसाला वाचवायला दुसऱ्यानं स्वतःला गाडून घ्यावं, यात थोरपणा आहे असं म्हणून मला गप्प बसवणारे पुष्कळ भेटतील. मला त्यात थोरपणापेक्षा अन्याय जास्त दिसतो. पण बाबा जगले हेही खरं. निवृत्त झाले, मला नोकरी लागलेली बघितली, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन नदीकाठी नव्हे, बाजारात फिरवलं. आईला कळलं होतं का, ते मला माहीत नाही. गुलाबी साडी तिनं पुन्हा नेसली नाही आणि कुणाला दिलीही नाही.

आई गेल्यावर बाबा थकले आणि अंबरनाथला माझ्याकडे राहायला आले. छातीचं दुखणं लागलं. एका सकाळी चहा पिताना ते मला म्हणाले, ‘पांडूला बोलाव. मना जायच्या आदी त्याला माफ करायचा हाय.’

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाबा, कुणी कुणाला माफ करायचं. तरी मी बारवीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी काका आला. पांढरा झालेला, वाकलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला. सदरा नवा होता, घड्या दिसत होत्या. तो उंबऱ्यातच थांबला. बाबा कॉटवर बसले होते.

‘ये,’ बाबा म्हणाले. ‘लय वर्सां जाली. माजा राग गेला आता. चूक कोनाच्या हातना पन व्हते. मी तुना माफ केला, पांडू.’

काकानं माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. काका पुढं गेला, वाकला, आणि बाबांच्या पायावर त्यानं डोकं ठेवलं.

‘माजीच चूक, दादा,’ तो म्हणाला. ‘झटका दिला मी.’

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघं रडले. मग बाबा मला म्हणाले, ‘वाढ गो. एका ताटात वाढ आमाला.’ मी वालाचं बिरडं आणि भाकरी वाढली. ते दोघं म्हातारे एका ताटात जेवत होते आणि मी भाकऱ्या भाजत होते, आणि माझ्या डोळ्यांना तव्याच्या धुराचं निमित्त होतं. ज्याला आयुष्यातून उठवलं होतं तो माफी घेत होता आणि ज्यानं उठवलं होतं तो देत होता. असं माझ्या देखत घडलं, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी.

त्यानंतर काही महिन्यांत बाबा गेले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी काका. आता घरातलं कुणी उरलं नाही ज्याला हे समजून इजा होईल. मात्र काकाची नात परवा अंबरनाथला माझ्याकडे आली होती. गावात तिला कुणीतरी ऐकवलं होतं. ‘आत्या, आमच्या आजोबांच्या हातून खरंच तुमचा भाऊ गेला?’ तिनं विचारलं. तिच्यासाठी मी हे लिहिते. नाही. तुझ्या आजोबांनी झटका दिला नव्हता. मी काठावर होते, मी त्याच्याकडेच बघत होते.

तिला एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, ती इथं लिहिते. त्या दिवशी बाबांबरोबर जेवून झाल्यावर मी काकाला फाटकापर्यंत सोडायला गेले होते. मला त्याचा राग आला होता, बाबांचा आला होता, माझाही आला होता. काका चपला घालत होता. त्याचा चेहरा मी हरेश गेल्यापासून तसा पाहिला नव्हता. तो आनंदात होता. खोटंखोटं नाही, खराखुरा, हलका झालेला. माझा हात दाबून तो म्हणाला, ‘बरा वाटला गो बाय. दादानं माफ केला मना.’